मदत हवी आहे: मुलाच्या कानात पाणी, नाकामागे गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड. ऑपरेशन आत्ता की थांबायचं?

कराडची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, पहिलीत. बाईंचा निरोप आला की वर्गात लक्ष नसतं, दोन-तीनदा हाक मारावी लागते. घरी टीव्हीचा आवाज वाढवतो, पाठीमागून बोललं की "काय?" विचारतो. पावसाळा लागल्यापासून सर्दी हटत नाही. तोंड उघडं टाकून झोपतो आणि मोठ्या माणसासारखा घोरतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मानेचा बाजूने एक्सरे काढला आणि कानाच्या तपासण्या केल्या. रिपोर्ट असा: टिम्पॅनोग्राम (कानाचा पडदा हलतो का ते दाखवणारा आलेख) दोन्हीकडे 'बी', म्हणजे आलेखाची रेघ सपाट. ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) उजवा कान ३५ डेसिबल, डावा ३०. अ‍ॅडेनॉइड बरेच मोठे. ते म्हणाले, अ‍ॅडेनॉइड काढू, त्याच भुलीत दोन्ही कानांच्या पडद्यात ग्रोमेट (बारीक नळी) बसवू, दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या. मग दुसरीकडे दाखवलं. त्यांनी कान बघितले, रिपोर्ट चाळला आणि सांगितलं, घाई नको, तीन महिने थांबा, नाकात स्प्रे मारा, पुष्कळ मुलांचं आपोआप जातं.

आता ऐकायचं कुणाचं? सासूबाईंचं म्हणणं तिसरंच: लसूण घालून तेल कढव आणि कोमट करून कानात सोड. नवऱ्याने 'पूर्ण भूल' हे दोन शब्द ऐकले आणि गप्प बसलाय. थांबलो तर कान कायमचा जाईल का? ग्रोमेट काढायला परत ऑपरेशन लागतं का? आणि अ‍ॅडेनॉइड काढले की प्रतिकारशक्ती जाते म्हणतात, ते खरं का?

श्रवणी_ऑ

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करते. रोज अशी मुलं बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नाकाच्या मागून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक नळी जाते. त्या पोकळीत हवा खेळती ठेवणं हे तिचं काम. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. तिच्या तोंडाशीच अ‍ॅडेनॉइड फुगले की हवा जात नाही, पोकळीत पाणी साठतं आणि पुढे ते डिंकासारखं चिकट होतं. पडदा हलेनासा होतो, म्हणून रेघ सपाट. बऱ्याचदा यात कान दुखत नाही, ताप येत नाही, त्यामुळे मूल तक्रारही करत नाही. शाळेतूनच पहिल्यांदा कळतं.

३०-३५ डेसिबल म्हणजे बहिरेपणा नव्हे. समोर बसून बोललात तर त्याला कळेल. पण वर्गात पंखा घरघरतोय, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतायत, अशा वेळी निम्मं निसटतं. ऑडिओग्रामवर हाडामार्फतचं ऐकणं वेगळ्या खुणेने काढलेलं असतं. ते नीट असेल तर नस चांगली आहे आणि अडथळा फक्त पाण्याचा आहे. असा कान काही महिन्यांत कायमचा जात नाही. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मात्र पडदा आत ओढला जाऊन खराब होऊ शकतो, म्हणून थांबायचं तर फेरतपासणीची तारीख घेऊनच.

शाळेत आजच सांगा: पहिल्या बाकावर बसवा, डावा कान बाईंकडे येईल असा, त्या कानाने जरा बरं ऐकू येतं.

नाना_वाईकर

आमच्या लहानपणी लसणाचं तेलच घालायचे. कुणाला काही झालं नाही. हल्ली जरा काही झालं की ऑपरेशन.

श्रवणी_ऑ

नाना, पडदा शाबूत असेल तर तेल त्याच्या पलीकडे जातच नाही आणि पाणी साठलंय ते पलीकडे. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन कान वाहायला लागतो, वर बुरशी धरते ती वेगळीच. कानात काहीही घालू नका, बड्ससुद्धा नको.

मिरजेचा_भूलवाला

भूलतज्ज्ञ आहे. ताई, दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. नुसत्या कानातल्या पाण्यासाठी तीन महिने थांबणं हीच रीत आहे. आपोआप निचरा होणारी मुलं खूप असतात. पण पहिल्या डॉक्टरांनी नाक आणि झोपही धरली असावी. दुसऱ्यांना तुम्ही घोरण्याचं सांगितलं होतंत का?

रात्री गाढ झोपेत बघा. घोरता घोरता श्वास मधेच थांबतो आणि मग तो दचकून, गुदमरल्यासारखा श्वास घेतो, असं होतं का? मान मागे टाकून झोपतो का? उशी घामाने भिजते का? सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय का? मोबाइलवर व्हिडिओ काढा, छाती-पोट दिसेल असा, शर्ट वर करून. शंभर शब्दांत सांगून जे कळत नाही ते डॉक्टरांना एका मिनिटाच्या व्हिडिओत कळतं.

आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत? घरात विडी-सिगारेट?

कराडची_आई

दुसऱ्या डॉक्टरांकडे फक्त कानाचंच बोलणं झालं. काल व्हिडिओ काढला. श्वास थांबतो, अगदी स्पष्ट दिसतंय. बघताना माझाच जीव वरखाली झाला. अंथरूणही गणपतीपासून अधूनमधून ओलं होतंय.

विडी कुणी ओढत नाही, पण सासूबाई मशेरी भाजतात, स्वयंपाकघरातच. स्प्रे मोमेटासोनचा आहे, पण मारला की तो शिंकतो आणि सगळं बाहेर. शिवाय मॉन्टेलुकास्टचं (अ‍ॅलर्जीचं औषध) सिरप चालू आहे. हल्ली रात्री घाबरून उठतो, ते त्याच्यामुळे तर नसेल?

मिरजेचा_भूलवाला

मशेरीचा तवा आजपासून अंगणात. सासूबाईंना माझं नाव सांगा.

मॉन्टेलुकास्टने काही मुलांना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे सर्दीला ते सर्रास लिहितात. डॉक्टरांना आजच फोन करून हे सांगा आणि बंद करायचं का विचारा.

स्प्रे मारताना डोकं किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे राहतं. मधल्या पडद्यावर मारू नका. जोरात ओढायला सांगू नका. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

पण व्हिडिओत म्हणता तसं असेल तर नाकाचा प्रश्न तीन महिने टांगून ठेवण्यासारखा नाही. व्हिडिओ घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे जा. टॉन्सिल्सही बघायला सांगा. टाळू आणि पडजीभही. पडजीभ दुभंगलेली असेल किंवा टाळूत आतून फट असेल तर अ‍ॅडेनॉइड सरसकट काढत नाहीत, बोलणं नाकातून यायला लागतं.

प्रतिकारशक्तीची काळजी नको. ते काम करणाऱ्या गाठी शरीरात इतरत्र भरपूर आहेत आणि अ‍ॅडेनॉइड वयात येईपर्यंत तसेही आकसतात. भुलीआधी आमच्या माणसाला तीन गोष्टी आठवणीने सांगा: हलणारा दात, घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नसेल तर ते, आणि त्या आठवड्यात ताप-खोकला झाला असेल तर तोही. साडेसहा वर्षांचं मूल म्हणजे एखादा दात हलत असणारच!

रेवा_पिंपरी

माझ्या मुलीचं दोन्ही झालंय, पाच वर्षांची असताना. सकाळी नेलं, एक रात्र ठेवलं. ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवलेली मण्याएवढी नळी. सहसा सहा महिने ते वर्षभरात आपोआप बाहेर पडते, आमच्याकडे मळाबरोबर आली. काही मुलांत पुन्हा बसवावी लागते आणि क्वचित पडद्याला बारीक भोक राहतं, ते आम्हाला आधीच सांगितलं होतं.

घरी येताना गाडीत तिने कान झाकून घेतले. "बाबा, पिशवी किती आवाज करते!" वेफर्सची पिशवी होती. पहिले काही दिवस मिक्सर लावला की रडायची. आठवडाभर तोंडाला घाण वास येतो, त्याला घाबरू नका, पण नाकातोंडातून ताजं रक्त आलं तर वाट न बघता दवाखाना.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्यामार्फतही पुढे पाठवतात.

कराडची_आई

सगळ्यांचे खूप आभार. व्हिडिओ बघून नवराही तयार झालाय. सोमवारी पहिल्या डॉक्टरांकडे जातोय. एकच राहिलं: ग्रोमेट असताना पोहायचं कसं? उन्हाळ्यात हा मामाच्या विहिरीवरून हलत नाही.

श्रवणी_ऑ

सुरुवातीचे काही आठवडे अजिबात नाही. नंतर डॉक्टरांना विचारून, डोकं वर ठेवून पोहला तर चालतं बहुधा, पण सूर मारणं आणि विहिरीचं गढूळ पाणी टाळाच. अंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून कानात ठेवा, साबणाचं पाणी जास्त त्रास देतं. आणि ग्रोमेट बसवायच्या आदल्या दिवसांत टिम्पॅनोमेट्री पुन्हा करून घ्या. मधल्या काळात पाणी गेलं असेल तर कानाला हातच लावायला नको, नुसतं नाकाचं करतील.