मदत हवी आहे: तापीकाठी बरं दिसणारं जलरंगचित्र घरी आणलं की काळवंडतं

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबण लावून विचारते. थोडक्यात विचारला की "सराव करा" एवढंच उत्तर येतं, आणि सराव तर चालूच आहे.

मी भुसावळची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड. नंतर पंचवीस वर्षं ब्रश हातात नाही. आता चार वर्षांपासून रविवारी जलरंगात निसर्गचित्रं काढते. कुणाकडे शिकायला गेले नाही, जे काही आहे ते चुकत-माकत.

हिवाळ्यात रविवारी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवर तापीकाठी जातो. हे पेपर वाचतात (वर्तमानपत्र, माझा ड्रॉइंगचा नव्हे) आणि मी घडीच्या स्टुलावर बसते. भुसावळकडच्या काठावर बसलं की समोर नदी, पलीकडे पिवळसर मातीचे उभे काठ, पावसाने कातरलेल्या घळी, त्यांच्यामागे केळीच्या बागांचा पट्टा आणि सगळ्यात मागे सातपुड्याची निळी रेघ. साडेआठला बसले की साडेदहापर्यंत चित्र होतं. कागद ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरबरीत), पाव इंपिरियल म्हणजे ११ बाय १५ इंच. रंग कॅमलच्या ट्यूब.

तिथे चित्र छान दिसतं, म्हणजे माझ्या मानाने. घरी आणून भिंतीला टेकवलं की तेच चित्र काळवंडलेलं. सातपुडा शाई सांडल्यासारखा, घळींच्या सावल्या चिखलासारख्या. जलरंग वाळल्यावर फिका होतो हे मला ठाऊक आहे. माझं उलटंच होतंय.

दुसरी अडचण स्टुडिओची. "स्टुडिओ" म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. एका बाजूला कुरडया-पापडांचे डबे, जुनी कॉट, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील. उरलेल्या जागेत माझं टेबल. इथे मी नदीवरचं चित्र मोठं करते, अर्धा इंपिरियल, १५ बाय २२. फोनमधला फोटो समोर ठेवून. तीन-तीन रविवार जातात. शेवटी सगळं जागच्या जागी असतं, घळीसुद्धा मोजून तेवढ्याच, आणि चित्र पार मेलेलं. लहान चित्रात जी केळीची बाग दोन फटकाऱ्यांत झाली होती, तिथे मोठ्यात मी एकेक पान काढत बसते. भाचा म्हणाला, "मावशी, हे कॅलेंडरवरून काढलं का?"

तिसरं, उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. पत्र्याखाली आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खाली आणेपर्यंत वरचा वाळलेला असतो आणि मध्ये पट्टे पडतात.

बघ्यांचा त्रास नाही, ते आधीच सांगते. म्हशी पाण्यावर आणणारे एक बाबा दर रविवारी मागे उभे राहतात. परवा म्हणाले, "अवं ताई, तापीचं पानी कधी इतकं निळं ऱ्हाते का?" मी हसून सोडून दिलं.

जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

कोरा कागद: सराव करत राहा ताई, हळूहळू जमेल.

धागाकर्ती: आलंच!

बोरीकाठ, अमळनेर: पाण्यामुळे असेल. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. माझा निळा रंग कागदावर रवाळ बसतो, डाग पडतात. फिल्टरचं पाणी वापरून पाहा.

जुना मास्तर: धुळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोरीकाठ, तुमचा निळा अल्ट्रामरीन असणार. तो रवाळच बसतो, त्याचा स्वभावच तो. कागदाच्या खळग्यांत त्याचे कण उतरतात. फिल्टरचं पाणी वापरायला हरकत नाही, पण त्याने या ताईंचा सातपुडा उजळणार नाही.

ताई, तुम्ही नदीच्या दक्षिण काठावर बसून उत्तरेला बघता. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे साडेआठला तो तुमच्या उजव्या खांद्यामागे आणि साडेदहाला जवळजवळ पाठीवर. याचे दोन परिणाम होतात. एक, ऊन थेट कागदावर पडतं. उन्हातला पांढरा कागद इतका झगझगतो की त्यावर लावलेला प्रत्येक रंग उजळच दिसतो. मग डोळ्यांचं समाधान होईपर्यंत तुम्ही रंग गडद करत जाता. घरात ते ऊन नसतं, उरतो फक्त तुम्ही जास्तीचा घातलेला रंग. पुढच्या रविवारी घरात बरं दिसणारं एखादं जुनं चित्र सोबत न्या आणि नव्याच्या शेजारी उन्हात ठेवा. ते धुऊन काढल्यासारखं फिकं दिसेल. तुमचं नवं चित्र तिथे तितकंच फिकं दिसलं, तरच ते घरी जमून येईल. खरा उपाय म्हणजे कागद सावलीत ठेवणे.

दोन, पाठीमागून ऊन आलं की समोरच्या घळींवर सावली फारशी दिसत नाही, सगळं सपाट होतं. मग सावल्या तुम्ही मनाने भरत असाल. चिखल बहुतेक तिथूनच येतो. उत्तरेकडे सरळ बघण्याऐवजी थोडं उजवीकडे, ईशान्येला तोंड करून बसा आणि तासभर लवकर पोचा. ऊन बाजूने येईल, एकेक घळ सुटी दिसेल.

फैजपूरवाला: सावलीसाठी छत्री घ्या, पण काळी किंवा करडी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो. नाहीतर बांबूच्या दोन काठ्या रोवून चटई बांधा. आमच्या गावात १९३६ला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेडेगावात भरलेलं पहिलं. नंदलाल बोस यांनी त्या अख्ख्या नगराची सजावट बांबू आणि आसपास मिळणाऱ्या सामानातून केली होती. तुम्हाला तर एका स्टुलापुरतीच सावली हवी.

रेघोट्या: मोठ्या चित्राबद्दल विचारतो. ब्रश कोणता वापरता?

धागाकर्ती: ८ नंबर गोल. दोन्हीकडे तोच. चांगला आहे म्हणून जपून वापरते.

रेघोट्या: मग चोर सापडला. कागद दुप्पट झाला आणि ब्रश तेवढाच राहिला. नदीवर जी बाग दोन फटकाऱ्यांत झाली, ती घरी त्याच ब्रशने वीस फटकाऱ्यांतच होणार, आणि विसाव्या फटकाऱ्याला माणूस पानं मोजायलाच लागतो. एक दीड इंची चपटा ब्रश घ्या, १४-१६ नंबरचा गोल घ्या. वॉश वाटीत कालवा, पॅलेटच्या खळग्यात नाही. मध्येच रंग संपला आणि पुन्हा मिसळायला बसलात की आकाशाला ठिगळ लागलंच म्हणून समजा.

आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात आणि आकाश उडून जातं. तुम्ही तेच काढता. समोर फक्त नदीवरचं लहान चित्र ठेवा. तिथे बसल्या बसल्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवत जा: काठाची माती पाण्यापेक्षा उजळ की गडद, सातपुडा आकाशाहून किती गडद, असं.

जुना मास्तर: फोटोला सरसकट नाव ठेवू नका. नोकरदार माणसाने काय करायचं? एखादी होडी, एखादं झाड बघायला फोटो चालतो. छटा मात्र त्यातून घेऊ नयेत, इतपत मान्य.

चाळीसगावकर: घरात बसून केलेलं मेलेलंच होतं असं काही नाही बरं का. आमच्या चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) वर्षानुवर्षं बंगल्याबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. घरातल्या टेबलावर मांडणी करून त्यांनी अख्खे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. स्टेशनजवळच त्यांचं कलादालन आहे, भुसावळहून रेल्वेने सहज येता येईल. तिथे प्रकाश कुठून घेतलाय तेवढं बघत फिरा. एक खिडकी, एक दिवा, एवढ्यावर काम केलंय माणसाने. तुमच्या खोलीत टेबलावर एक उजेड आणि चित्र बघायच्या भिंतीवर दुसराच, असं तर नाही ना?

धागाकर्ती: आहे की! टेबलावर पांढरी ट्यूब आणि खालच्या हॉलमध्ये पिवळा बल्ब. चित्र लागतं हॉलमध्ये.

चाळीसगावकर: पिवळ्या उजेडात निळे रंग मरतात. तुमचा सातपुडा अर्धा तिथेच गेला.

बोरीकाठ, अमळनेर: उन्हाळ्याचं मी सांगतो, माझीही खोली पत्र्याचीच. सकाळी सहा ते आठ, त्यानंतर नाद सोडायचा. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवायचा, खालून ओला राहतो. पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब चालतो. मी एकदा उत्साहात चमचाभर टाकलं होतं. चित्र आठवडाभर बोटाला चिकटत होतं.

धागाकर्ती (तीन रविवारांनंतर): मंडळी, हकिकत सांगते.

जुनं चित्र सोबत नेलं. मास्तर म्हणाले तस्संच! घरात ठसठशीत दिसणारं ते चित्र उन्हात ताकासारखं पांचट. इतकी वर्षं मी उन्हाशी भांडत होते म्हणायची.

पहिल्या रविवारी माझी गुलाबी फुलांची छत्री नेली आणि अख्खा कागद गुलाबी झाला. फैजपूरवाल्यांचं आधीच ऐकायला हवं होतं. दुसऱ्या रविवारी ह्यांची काळी छत्री स्कूटरच्या आरशाला बांधली. ईशान्येला तोंड करून साडेसातला बसले. घळी खरंच सुट्या दिसल्या, प्रत्येकीची एक बाजू उजळ, एक सावलीत. सावलीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बस. चित्र तिथे मला फिकं वाटत होतं, हात शिवशिवत होता. दाबून धरला. घरी आणलं तर बरोबर निघालं.

हॉलचा बल्ब बदलला. सासूबाईंचं म्हणणं, घर दवाखान्यासारखं दिसतं.

मोठं चित्र अजून जमलेलं नाही. दीड इंची ब्रश हातात धरला की झाडू धरल्यासारखं वाटतं. पण केळीची बाग चार फटकाऱ्यांत झाली आणि भाच्याने कॅलेंडरचं नाव काढलं नाही.

आणि ते बाबा. ते गेल्यावर मी पाण्याकडे नीट पाहिलं. काठाजवळ ते चहाच्या रंगाचं, मध्ये शेवाळी, आणि आकाशाचा निळा फक्त पलीकडे एका पट्टीत. मी मात्र शाळेपासून नदी म्हटलं की निळी ट्यूब पिळत आले. या रविवारी तसं काढलं आणि बाबांना बोलावून दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "पानी बरोबर हाये. पन म्हैस कुठी?"

तर आता पुढचा प्रश्न. म्हशीचा काळा तुम्ही कशाने करता? काळी ट्यूब वापरायची नाही असं ठरवलंय. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवून पाहिलं, तर पाण्यात ओला दगड बसलाय असं दिसतं.