किरणोत्सव तिथीने का नाही?

"अंबाबाईचा किरणोत्सव तिथीवर न होता इंग्रजी तारखेला होतो, म्हणजे ती अलीकडचीच प्रथा" हे वर कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. किरणोत्सव म्हणजे कोल्हापूरच्या देवळात मावळत्या सूर्याची किरणं थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा. तिथी चंद्राची. सूर्य मावळताना क्षितिजावर कुठे टेकणार याचा तिथीशी संबंधच नाही, तिथीने धरलं तर दरवर्षी दहा-वीस दिवस मागेपुढे व्हायचं. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तारखा २१ डिसेंबरपासून, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला जाऊन परत फिरतो त्या दिवसापासून, मोजून बघा. मधला दिवस धरला तर अलीकडे ४१ दिवस, पलीकडे ४२. सूर्य दक्षिणेला जाताना आणि परतताना एकाच जागी मावळतो, कोल्हापुरातून पश्चिमेच्या साधारण १८ अंश डावीकडे. इजिप्तमध्ये अबू सिंबेलच्या प्राचीन देवळात २२ ऑक्टोबर आणि २२ फेब्रुवारीला उगवता सूर्य गाभाऱ्यात शिरतो, तिथेही हिशोब हाच. त्यामुळे "असा सोहळा जगात फक्त आपल्याकडेच" हे म्हणणंही जरा आवरा.

उलट संक्रांतच बघा. ती नक्षत्रांना बांधलेली, म्हणून साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकते आणि खऱ्या उत्तरायणापासून तीन आठवडे लांब गेलीय.

मी गेल्या नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळातल्या गरुड मंडपात उभा होतो. पावणेसहाला पितळी उंबऱ्यावर तांबूस पट्टा आला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि ढग आडवा आला. किरण देवीच्या पायापर्यंतसुद्धा पोचला नाही. आता फेब्रुवारीत परत!