प्रति: पीएफचे आकडे वाढले म्हणजे सेवा क्षेत्रात नोकऱ्या वाढल्या का?

वर कुणीतरी पीएफची नवीन खाती वाढली म्हणजे राज्यात सर्व्हिसमधल्या नोकऱ्या वाढल्या असं म्हटलंय, ते मला काही पटलं नाही. पीएफ साधारण २० किंवा जास्त माणसं असतील तिथं लागतो. आमच्या लातुरात क्लासेसच्या जीवावर किती मेस, होस्टेलं, अभ्यासिका चालतात ते येऊन बघा, आमच्या गल्लीतल्या मेसवर पोळ्या लाटणाऱ्या ४ बाया, २ डबेवाली पोरं आणि गल्ल्यावर मालक, झाली ७ माणसं, ही कोणत्या पीएफमध्ये दिसणार?

दुसरं म्हणजे कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन. तो कारखान्याच्या मस्टरवर होता तोवर उद्योगात धरायचा, एजन्सीकडून आला की सेवा क्षेत्रात. माणूस तोच, गेट तेच, खुर्चीपण तीच (पगार तेवढा कमी झाला), आणि कागदावर सर्व्हिस सेक्टर वाढला! त्यात एजन्सीचं ऑफिस पुण्यात असलं तर पीएफचा कोडपण (नोंदणी नंबर) बऱ्याचदा तिकडचाच, म्हणजे नोकरी इथली आणि दिसणार पुण्यात.

त्यापेक्षा पीएलएफएस (सरकारचं रोजगाराचं सर्वेक्षण) बघा, ते घरोघरी जाऊन विचारतात त्यामुळे मेसवाल्या मावशीपण त्यात येऊ शकतात. २०२५ पासून त्याचे आकडे दर महिन्याला येतात. पण त्यातही गोम आहे, ‘चालू साप्ताहिक स्थिती’ या मोजायच्या पद्धतीत मागच्या ७ दिवसात १ तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. मग सुट्ट्यांत पोरं गावाकडं गेली, मेस अर्धी रिकामी, मावशी एक वेळच्याच पोळ्या करतात, तरी त्या रोजगारातच.