मदत हवी आहे : कॉलेजने आमचं भित्तीपत्रक काढून टाकलं, आता हमीपत्र मागतायत

नमस्कार मंडळी, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आम्ही सहा जणांनी स्कॉलरशिप रखडल्याबद्दल भित्तीपत्रक लावलं होतं, कुणालाही शिवी नाही की कुणाचं नाव नाही, फक्त हाताने लिहिलेले पोरांचे अनुभव, तर दुसऱ्या दिवशी बघतो तर बोर्डावर नुसत्या टाचण्या आणि कागदाचे कोपरे उरलेले. आता सर म्हणतात हमीपत्रावर सही करा की यापुढे परवानगीशिवाय काहीही लिहिणार नाही, सोशल मीडियावरसुद्धा! नाहीतर पालकांना बोलावणार. एक मैत्रीण घाबरून सही करूनही आली, तिचा राग नाही येत मला, घरचं टेन्शन असतं.

राज्यघटनेचं कलम १९(१)(अ), म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, माहितीये, आणि त्यावरची १९(२) मधली बंधनंही. पण आमचं अनुदानित खाजगी कॉलेज आहे, तिथे हे थेट लागू होतं का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजात तक्रार निवारण समिती हवी आणि वर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल, पण ऑफिसात विचारलं तर कुणी नीट सांगतच नाही. अर्ज कुणाच्या नावाने करू? सही केलेलं हमीपत्र परत घेता येतं का? सोमवारपर्यंत सही मागितलीये, कुणी वकील किंवा यातून गेलेलं असेल तर प्लीज सांगा.