ओल, पोपडे, बुरशी: जुन्या घरात राहणाऱ्यांनो, आपापले अनुभव सांगा

आमचं घर साठेक वर्षांचं, भिंती दीड-दीड फूट जाड. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला खाली पोपडे येतात आणि त्याच भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके. दोनदा रंग देऊन झाला, दोन्ही वेळा वर्षाच्या आत परत तेच. रंगवाला म्हणतो डॅम्पप्रूफ कोट मारू, गवंडी म्हणतो प्लॅस्टर फोडू, प्लंबर म्हणतो आतून पाइप गळतोय. प्रत्येकाला आपापल्या धंद्याचंच दिसतं. तुमच्याकडे काय झालं, कशाने थांबलं, कशाने नाही थांबलं ते लिहा. फसलेले उपाय तर आवर्जून लिहा, ते जास्त कामाचे.

*

फसलेल्यांपासूनच सुरुवात करतो मग. तळमजला, दगडी भिंत, आतून जुना चुन्याचा गिलावा. खाली दोन फुटांपर्यंत ओल यायची आणि पांढरी पावडर सुटायची, हात लावला की पीठ लागल्यासारखं. आम्ही काय केलं, तर चुना खरवडून झकास सिमेंट प्लॅस्टर करून घेतलं, वर ऑइलपेंट. सहा महिने भिंत आरशासारखी. मग ओल दिसायला लागली ती चार फुटांवर! जमिनीतून चढणारं पाणी आधी चुन्यातून उडून जायचं, आम्ही त्याचं तोंड बंद केलं, तर ते आणखी वर चढून वाट शोधायला लागलं.

खरं कारण बाहेर होतं. वर्षानुवर्षं बाहेर भर टाकून टाकून जमीन जोत्याच्या वर गेलेली, म्हणजे माती थेट भिंतीला टेकलेली. ती खणून काढली, भिंतीपासून उतार दिला, आतलं सिमेंट फोडून परत चुन्याचाच गिलावा केला. तरी लगेच वाळेल असं समजू नका. एका म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं होतं, जाडीच्या दर इंचाला एक महिना धरा. म्हणजे आमच्या १८ इंचांना दीड वर्ष! तेव्हा हसलो होतो, पण जवळजवळ तेवढेच लागले.

*

वरच्यांच्या पांढऱ्या पावडरीबद्दल थोडं. ती बुरशी नाही, क्षार आहेत, पुष्कळ लोक त्यावर बुरशीचं औषध मारत बसतात. आणि ती ओल्या फडक्याने पुसायची नाही, पाण्यात विरघळून परत भिंतीत जाते. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून टाकायची. क्षार प्लॅस्टरमध्ये फार साचले की ते हवेतला दमटपणाही ओढतात, म्हणून मूळ गळती बंद झाली तरी तेवढाच डाग दमट दिवसांत गडद दिसतो. तेवढं प्लॅस्टर काढावंच लागतं.

*

माझा किस्सा कपाटाचा. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं मोठं लाकडी कपाट, आठ वर्षं हललं नव्हतं. एकदा चामड्याची पर्स काढली तर तिच्यावर राखाडी मखमल! कपाट ओढलं, मागचा प्लाय फुगलेला, आणि भिंतीवर कपाटाच्या आकाराचा काळा चौकोन. कुठे गळती नाही, पाइप नाही, काही नाही. खोलीतली दमट हवा त्या गार भिंतीला लागून ओल धरत होती आणि मागे वारा म्हणून नाहीच.

नवरा एक छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र घेऊन आला. खोलीच्या मधोमध ५८ टक्के आणि कपाटामागे ८१! त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आहे, आणि ओले कपडे खोलीत वाळवणं बंद, कारण त्या एका भरलेल्या दोरीवरचं दीड-दोन लिटर पाणी शेवटी घराच्याच हवेत जातं ना. डांबराच्या गोळ्या ठेवून काहीही होत नाही, त्या किड्यांसाठी असतात, हे मला चाळिशीत कळलं.

*

बुरशी साफ करताना मी केलेला मूर्खपणा कोणी करू नका. बाथरूमच्या कोपऱ्यात ब्लीच मारलं, डाग गेला नाही म्हणून त्यावरच टॉयलेट क्लीनर ओतलं. दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी, छातीत जळजळ, खोकत खोकत बाहेर पळाले. ब्लीच आणि अॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावालं काही असेल तर त्यातूनही विषारी वायू. एका वेळी एकच वस्तू, आणि खिडकी उघडी.

आणि प्लॅस्टरवर ब्लीचचा तसाही फारसा उपयोग नाही, वरचा काळा रंग उडतो पण आत मुरलेलं तसंच राहतं. टाइल्सवर ठीक आहे. मी आता साबणाच्या पाण्याने, एन९५ मास्क आणि हातमोजे घालून पुसते आणि लगेच पंखा लावून खडखडीत वाळवते. कोरडी बुरशी ब्रशने घासायची तर अजिबात नाही, सगळ्या खोलीभर उडते.

*

आमच्याकडे प्लंबर बरोबर होता 😀 रात्री झोपताना सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला, सकाळी आकडा पुढे गेलेला. सिंकच्या मागे भिंतीतला जॉइंट. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

*

मीटर पुढे गेला नाही म्हणजे सुटलो असं नाही हं. सांडपाण्याच्या पाइपचं पाणी मीटरला दिसतच नाही. आमचं तेच होतं. बाथरूमच्या जाळीत रंगीत पाणी ओतून पाहिलं, दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीच्या छताला गुलाबी डाग, खालचे लोक आधीच चिडलेले होते ते आणखी चिडले, पण निदान वाद मिटला.

*

एक फुकटचा सल्ला: धो धो पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराला एक प्रदक्षिणा घाला. आम्ही तीन वर्षं आतून उपाय करत होतो, आणि बाहेर पन्हळीत पानं अडकून सगळं पाणी एकाच जागी भिंतीवरून ओघळत होतं. कोरड्या दिवशी हे दिसायचंच नाही. पन्हळ साफ करायला अर्धा तास लागला. भिंतीत मुरलेलं पाणी जायला वर्ष.

*

मी भाड्याच्या घरात होते, तिथे मालकांचं म्हणणं असं की तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून बुरशी येते. खिडकी उघडी ठेवली तरी आली. मुलाचा रात्रीचा खोकला जाईना, डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात ओल आहे का. दम्याची प्रवृत्ती असेल तर बुरशीने त्रास वाढतो म्हणाले. तारखा टाकून फोटो काढत गेले, तेही मालकांना पाठवले, शेवटी घरच सोडलं. पलंग, गादी आणली, पण चिपबोर्डचं फुगलेलं शेल्फ तिथेच टाकलं, त्यातली बुरशी निघत नाही.

*

कॅमेरावाल्यांनो, लेन्स बॅगेत बंद करून ओलसर खोलीत ठेवू नका. माझ्या जुन्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली, काचेवरचं कोटिंगच खाल्लं. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. बाकी भिंतीचं मला काही विचारू नका, माझीही ओली आहे.

*

धागा काढणारी परत आले. कोणीतरी मला फॉइलची युक्ती सांगितली होती ती केली. भिंत पुसून कोरडी केली, अॅल्युमिनियम फॉइलचे वीतभर तुकडे चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवले, एक खाली पोपड्यांपाशी, एक वर काळ्या कोपऱ्यात. खालचा टेप दोनदा निघाला, तिसऱ्यांदा थोडं बाजूला सरकवून लावला. दोन दिवसांनी बघितलं तर खालच्या फॉइलच्या मागच्या बाजूला, भिंतीकडून, थेंब. वरच्याचा मागचा भाग कोरडा आणि पुढे, खोलीच्या बाजूला, दव पडल्यासारखं ओलं. म्हणजे एकाच भिंतीला दोन वेगळी दुखणी आणि आम्ही दोन्हीवर एकच रंग थापत होतो!

वरचं हवेचं आहे, तो कोपरा मोकळा केला, पडदा आखूड केला. खालचं आतून येतंय, पण जमिनीतून की पाइपातून ते अजून कळायचंय. आज रात्री मीटरचा आकडा लिहिणार आहे. सासूबाईंना बजावून ठेवलंय, रात्री उठलात तर फ्लश ओढू नका, बादलीत पाणी भरून ठेवलंय.