झाड पाडणाऱ्यांचे बूट: स्टील टो महत्त्वाचा की पकड?

प्रश्न: जांबोटीकर

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूला, मालकीच्या जमिनीतील सिल्व्हर ओक, अकेशिया आणि साग रीतसर परवाना काढून तोडण्याचे काम आमची टोळी करते. टोळीच्या सामानाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मालकांनी गेल्या हंगामात सर्वांना बेळगावहून कारखान्यात वापरतात तसे, बोटांवर लोखंडी टोपी (स्टील टो) असलेले सेफ्टी शूज आणून दिले. काही आठवडे ते वापरले गेले आणि मग एकेक जण पुन्हा रबरी चपलेवर आला. तक्रारी अशा की उतारावर बोटे पुढच्या लोखंडावर आदळतात, ओल्या जांभ्यावर पाय घसरतो आणि आत गेलेला भुसा दिवसभर टोचत राहतो. टोळीतील वयस्कर मामांचे म्हणणे याहून वेगळे आहे. झाड कळणाऱ्याला बूट लागत नाहीत आणि न कळणाऱ्याला बुटाने काही फरक पडत नाही, असे ते सांगतात. परदेशी व्हिडिओंत तळाला खिळे असलेले उंच बूट दिसतात. ते आपल्याकडे चालतील का? आणि अनुभव बुटांची जागा घेऊ शकतो का? ज्यांनी स्वतः हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर: घाटवाट (चंदगड)

मामांचा अनुभव खरा आहे, परंतु तो कुऱ्हाडीचा आणि दोघांनी ओढायच्या करवतीचा आहे. हात थांबला की ती करवत थांबत असे. आताच्या साखळी करवतीच्या मशीनची साखळी मात्र हात सुटल्यावरही क्षणभर फिरत राहते, आणि पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळी घेऊन मागे येते. अनवाणी पायाला दगडाचा अंदाज चांगला येतो, हे मी नाकारत नाही. पण ती सवय ज्या हत्याराबरोबर जडली ते हत्यार आता आपल्या हातात नाही.

तरीही त्यांच्या बोलण्यातील एक गोष्ट जपून ठेवावी. जाणता माणूस मशीन सुरू करण्याआधी झाडाकडे कमी आणि बुंध्याभोवतीच्या जमिनीकडे जास्त पाहतो. तो वेली तोडतो, झुडपे साफ करतो, मोकळे दगड बाजूला सारतो आणि झाड ज्या दिशेला पाडायचे त्याच्या उलट बाजूला, तिरकस मागे जाणारी माघारीची वाट मोकळी करतो. पाडायच्या बाजूची खाच घेतल्यावर मागून काप घालताना मध्ये बिजागरीएवढी लाकडाची पट्टी तो राखतो, आणि ती पट्टी वाकू लागली की मशीन बंद करून त्या वाटेने निघतो. झाड हलू लागल्यानंतरचे काही क्षण सर्वांत धोक्याचे असतात, कारण बुंधा मागे उसळू शकतो आणि वर अडकलेली वाळकी फांदी सुटू शकते. त्या क्षणी पायातील बूट घसरला, तर आधीची सगळी हुशारी फुकट जाते. म्हणून माझ्या मते बुटाची पहिली परीक्षा पकडीची आहे. खोल नक्षीचा रबरी तळ, स्पष्ट उतरती टाच आणि घोट्याच्या वर घट्ट बांधता येणारी उंची असेल, तर स्टील टो नसलेला बूटही मी पसंत करेन.

खिळ्यांच्या बुटांविषयी सांगायचे तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मजूर ते वापरतात, कारण त्यांना पावसाने बुळबुळीत झालेल्या आडव्या ओंडक्यांवरून सतत चालावे लागते आणि खिळे सालीत व लाकडात रुततात. आपल्याकडे ओंडक्यापेक्षा जांभ्याचे सडे जास्त. दगडावर खिळा रुतत नाही, उलट घसरतो. ट्रकच्या लोखंडी फाळक्यावर चढताना तर ते बूट घातकच.

उत्तर: उद्यमबाग फाउंड्री

मी बेळगावातील उद्यमबागेत एका ओतकामाच्या कारखान्यात सुरक्षेचे काम पाहतो. तुमच्या मालकांनी आणलेले बूट बहुधा आमच्यासारख्यांसाठी बनलेले असावेत. आयएस १५२९८ या भारतीय मानकाप्रमाणे अशा बुटाच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. ढोबळ हिशेबाने वीस किलोचे वजन एक मीटरवरून पडल्यासारखा तो आघात असतो. घसरलेला ठोकळा, निसटलेली पाचर किंवा हातातून पडलेले मशीन यांपासून ही टोपी वाचवते. घरंगळत आलेल्या काही क्विंटलच्या ओंडक्यापुढे तिचा उपयोग मर्यादित आहे. सपाट सिमेंटच्या फरशीसाठी बनवलेला बुटाचा तळ घाटात घसरला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

परंतु घाटवाट यांच्या क्रमाशी मी पूर्ण सहमत नाही. पकड महत्त्वाची आहेच. पण साखळीपासून संरक्षण देणारे बूट हा वेगळाच प्रकार असतो आणि त्याचा उल्लेख त्यांच्या उत्तरात आला नाही. आयएसओ १७२४९ हे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. साखळीचा वेग सेकंदाला २० मीटर, २४ मीटर आणि २८ मीटर असताना बुटाची चाचणी घेऊन अनुक्रमे पहिली, दुसरी व तिसरी पातळी ठरवली जाते, आणि बुटावर करवत मशीनचे चित्र छापलेले असते. आतील थरांतील धागे बाहेर ओढले जाऊन मशीनच्या दातेरी चाकात अडकतात आणि साखळी थांबते. साध्या कातड्याच्या आणि स्टील टो असलेल्या बुटात हे काहीच घडत नाही, कारण टोपी फक्त बोटांवर असते आणि साखळी बहुधा पायाच्या वरच्या बाजूला किंवा नडगीला लागते. अर्थात ही पातळी म्हणजे हमी नव्हे. मोठ्या मशीनची साखळी पूर्ण वेगात यापेक्षा जोरातही फिरू शकते.

अमेरिकेच्या लाकूडतोडीच्या नियमावलीत घोटा झाकणारे, पाणी न शिरणारे बूट सर्वांना आणि काप न लागणारे साहित्य असलेले बूट मशीन चालवणाऱ्याला आवश्यक ठरवले आहेत. गंमत अशी की त्या बुटांचा खर्च मालकाने केलाच पाहिजे, असे बंधन मात्र तिथला कायदा घालत नाही. आपल्याकडे हे बूट मागवावे लागतात आणि दहा हजारांच्या पुढे जातात. म्हणून सर्व टोळीला ते घेण्याऐवजी जो प्रत्यक्ष मशीन धरतो त्याला घ्यावेत, आणि सोबत मांड्या व नडग्या झाकणारी संरक्षक विजारही घ्यावी. ओढणाऱ्या आणि चढवणाऱ्या माणसांना चांगल्या तळाचा साधा उंच बूट पुरेल.

उत्तर: निपाणी चर्मकला

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बुटांवरून दोन गोष्टी सांगतो. पहिली, साच्यात ओतून चिकटवलेला पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत पडून राहिला की आतून कुजतो. हंगाम संपल्यावर पोत्यात बांधून ठेवलेला बूट पुढच्या वर्षी घातला की तळाचे तुकडे पडतात, आणि त्याला नवा तळ बसवणे अवघड असते. शिवून बसवलेला रबरी तळ महाग पडतो, पण तो झिजल्यावर बदलता येतो. खरेदी करताना कडेची शिवण खरी आहे की नुसती रेघ उमटवली आहे, हे वाकवून पाहावे.

दुसरी गोष्ट मापाची. बूट सकाळी घेऊ नये. दुपारनंतर पाय थोडा सुजलेला असतो, त्या वेळी कामावर घालायचे जाड मोजे घालून घ्यावा. घोट्याजवळ नाडी आवळल्यावर पाय पुढे सरकत नसेल तर उतारावर बोटे आदळत नाहीत. तुमच्या माणसांची अर्धी तक्रार स्टीलची नसून मापाची असावी, असे मला वाटते. भिजलेला बूट चुलीजवळ ठेवू नये, कातडे कडक होऊन चिरते. त्यात वर्तमानपत्र कोंबून तो सावलीत वाळवावा आणि जमल्यास आलटून पालटून दोन जोड वापरावेत.

जांबोटीकर

सर्वांचे आभार. मामांना घाटवाट यांचे उत्तर वाचून दाखवले. माघारीच्या वाटेविषयी ऐकून त्यांनी मान डोलावली, बुटाविषयी अजून गप्प आहेत. मशीन धरणाऱ्या दोघांसाठी साखळीरोधक बूट घेण्याचे मालकांनी मान्य केले आहे. एक शंका उरली आहे. भुसा आत जाऊ नये म्हणून विजार बुटाच्या बाहेर सोडावी की गोचिडांसाठी आत खोवावी?

घाटवाट (चंदगड)

उद्यमबागेच्या दादांनी साखळीची बाजू मांडली ते बरे झाले. फांद्या साळताना डावा पाय पुढे असतो आणि मशीन त्याच्याच जवळ फिरते, तेव्हा त्यांचा मुद्दा खरा आहे. शक्य तिथे आडव्या खोडाच्या डाव्या बाजूला उभे राहून मशीन उजव्या बाजूने चालवावे, म्हणजे पाय आणि पाते यांच्यामध्ये खोड राहते.

आता विजारीचे. दोन्ही करावे. आतील पातळ विजार मोज्यात खोवावी आणि वरची संरक्षक विजार बुटाच्या बाहेर सोडावी. गोचिडांकडे दुर्लक्ष करू नका. गोचिडांमुळे पसरणारा माकडताप १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि २०१६ मध्ये आपल्या शेजारी दोडामार्गात त्याचे रुग्ण सापडले. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला तोडीचा हंगाम. आरोग्य केंद्रात गोचीड दूर ठेवणारे तेल मिळाले तर ते पायांना आणि मनगटांना लावून रानात जावे. मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळ जाऊ नये आणि लगेच आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवावे. नाडीची मोकळी टोके मात्र बुटात खोचून ठेवा, ती झुडपात अडकतात. आणि नवे बूट थेट तोडीला घालू नका. आधी आठवडाभर ओढणीच्या आणि चढवणीच्या कामात चालवा.