सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक: करंगळी बधिर होत नाही

ऐरोलीकर_भूल: कोपराखालच्या दोन्ही हाडांचं प्लेटिंग, रुग्ण 60 किलो. हात बधिर करायला कॉलरबोनच्या वर (सुप्राक्लॅव्हिक्युलर) दिलेलं 20 मिली औषध सोनोग्राफीवर नसांच्या पुंजक्यावर छान पसरलेलं दिसतं. अंगठा-तर्जनी बधिर होतात, पण 25 मिनिटांनीही करंगळीला टोचलेलं कळतं. मात्रा वाढवू का? टूर्निकेटची (रक्त थांबवायला दंडावर आवळलेल्या कफची) तक्रारही असतेच.

घोडबंदर_ओटी: मात्रा राहू द्या, जागा बदला. वरून घातलेलं औषध पुंजक्यातल्या खालच्या ट्रंकपर्यंत (सी8-टी1 मुळांची जाड नस, करंगळीकडची) पोचतंच असं नाही. आधी पहिली बरगडी आणि सबक्लेव्हियन धमनी यांच्यामधल्या कोपऱ्यात 8-10 मिली सोडा. अख्खा पुंजका वर उचलला जाताना दिसला पाहिजे. नाही दिसला तर टोक चुकीच्या थरात आहे. मग सुई मागे घेऊन उरलेलं वर. टोक स्क्रीनवरून गेलं की सुई पुढे ढकलायची नाही, प्ल्युरा (फुफ्फुसाचं आवरण) तिथेच श्वासाबरोबर सरकत असते.

कोपराशी अल्नर नस वेगळी पकडून इथे भागणार नाही. करंगळी बधिर होईल, पण अल्नावरच्या चिऱ्याची कातडी दुसऱ्या नसेची, ती बधिर होत नाही.

नेरुळ_पूर्व: मात्रेचा हिशेब, 20 मिलीत दोन भुलीची औषधं निम्मी-निम्मी धरून: 0.5 टक्के बुपिवाकेन 10 मिली म्हणजे 50 मिग्रॅ, अ‍ॅड्रेनलिनवालं 2 टक्के लिग्नोकेन 10 मिली म्हणजे 200. मर्यादा किलोला 2 आणि 7 मिग्रॅ, म्हणजे 60 किलोला 120 आणि 420. स्वतंत्र पाहिलं तर दोन्ही निम्म्याच्या आत, पण विषारीपणाची बेरीज होते. 90 टक्के कोटा संपला. दर 3-5 मिलीला अ‍ॅस्पिरेट करा (सिरिंज मागे ओढून रक्त येतं का पाहा). ओठांना मुंग्या आल्या, कानात आवाज आला की इंजेक्शन थांबवा. या विषबाधेवरचा उतारा, 20 टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण), टेबलाशेजारी हवं: 90 मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला 15 मिली. कुलूपबंद स्टोअरमधली बाटली काय कामाची!

पाचपाखाडी_पेन: टूर्निकेटचं म्हणाल तर दंडाच्या आतल्या कातडीची इंटरकॉस्टोब्रॅकियल नस (टी2) प्लेक्ससमध्ये (त्या नसांच्या पुंजक्यात) नाहीच. काखेच्या खालच्या कडेने 0.5 टक्के लिग्नोकेन 5 मिली कातडीखाली द्या. हे 25 मिग्रॅही वरच्या हिशेबात धरा. तासाभराने येणारी दाबाची कळ मात्र याने जात नाही. तेव्हा थोडं फेंटॅनिल (तीव्र वेदनाशामक), नाहीतर सर्जनला कफ सोडायला सांगा.

ऐरोलीकर_भूल: आणि सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) असेल तर?

घोडबंदर_ओटी: मग कॉलरबोनच्या वर नकोच. फ्रेनिक नस (डायफ्रॅम, म्हणजे श्वासपटल, हलवणारी) औषधात सापडली की त्या बाजूचा डायफ्रॅम लुळा पडतो. इन्फ्राक्लॅव्हिक्युलर (कॉलरबोनच्या खाली) किंवा अ‍ॅक्सिलरी (काखेत) द्या.